सातबाऱ्यावर बोजा चढवण्याआधी

वाचकाचं पत्र, थोडक्यात

नाशिकच्या इंदिरानगर भागातून एका परिचारिकेने पत्र पाठवलं आहे. ओळख कळू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. त्या ३१ वर्षांच्या आहेत. खासगी कॉलेजातून बीएस्सी नर्सिंग झालं, त्यासाठी वडिलांनी कर्ज काढलं होतं. आठ वर्षांच्या नोकरीत पाच वर्षं आयसीयूत गेली. शंभराहून जास्त खाटांच्या एका रुग्णालयात आज पगार २४,००० रुपये. नवरा अंबडच्या औद्योगिक वसाहतीत सीएनसी ऑपरेटर आहे, मुलगी चार वर्षांची. तिला सांभाळायला सासूबाई नाशिकला राहतात आणि सासरे निफाडजवळच्या गावी दीड एकर द्राक्षबाग बघतात.

कॉलेज रोडवरच्या एका कन्सल्टन्सीने त्यांना जर्मनीचं 'पॅकेज' देऊ केलं आहे. भाषेचा क्लास, कागदपत्रं, मुलाखत आणि व्हिसा मिळून ४ लाख ८० हजार. दीड लाख लगेच भरायचे, कारण 'बॅच भरत आली आहे'. पगार महिन्याला अडीच ते तीन लाख, असं तोंडी सांगितलंय. पतसंस्थेतून कर्ज काढायला सासरे बाग गहाण ठेवायला तयार आहेत. नवरा म्हणतो, तू ठरव. मेट्रन म्हणतात, कुंभ तोंडावर आलाय, इथे माणसं नाहीत आणि तू जर्मनांची सेवा करायला निघालीस. दीर म्हणतात, शिकवायचं आपण आणि वापरायचं त्यांनी. पत्राच्या शेवटी त्यांनी विचारलंय: 'मी जाऊ की नको? आणि गेले तर मी स्वार्थी ठरते का?'

उत्तर

ताई,

तुमचे दोन्ही प्रश्न शेवटी आहेत, पण मी अडकले ती मधल्या एका वाक्याशी. 'पैसे घातल्याशिवाय परदेशी जाता येत नाही, हे आम्ही धरूनच चाललोय,' असं तुम्ही सहज लिहून गेलात. मला वाटतं, सगळी गडबड इथेच आहे. जाण्या-न जाण्याचं नंतर बघू. आधी हे धरून चालणं सोडा.

जर्मनीत म्हातारी माणसं वाढताहेत आणि त्यांच्याकडे बघायला माणसं कमी पडताहेत. ही त्यांची अडचण आहे, तुमची नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये जर्मन सरकारने कुशल भारतीयांसाठीच्या व्हिसाची मर्यादा वर्षाला २० हजारांवरून ९० हजारांवर नेली. त्याच वर्षी फेब्रुवारीत महाराष्ट्र सरकारने तिथल्या बाडेन-वुर्टेमबर्ग या राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरवण्याबाबत सामंजस्य केलं, त्यात नर्सही आहेत. त्याआधी डिसेंबर २०२१ मध्ये केरळच्या 'नॉर्का' या सरकारी संस्थेने जर्मनीच्या रोजगार संस्थेशी 'ट्रिपल विन' नावाचा करार केला. त्या वाटेने जाणाऱ्या नर्सला भरतीसाठी एक पैसा द्यावा लागत नाही, उलट भाषा तिला फुकट शिकवतात. म्हणजे तुमच्याच पदवीची, तुमच्याहून कमी अनुभवाची मुलगी कोट्टायमहून फुकट जाते आणि तुमच्याकडे मात्र निफाडची बाग मागितली जातेय.

माणूस ज्याला हवा आहे त्याने आणायचा खर्च करायचा, हे आता जर्मन सरकारचंच म्हणणं आहे. नर्सभरती करणाऱ्या एजन्सी आणि रुग्णालयांसाठी त्यांनी 'फेअर रिक्रूटमेंट हेल्थकेअर जर्मनी' नावाचं प्रमाणपत्र काढलंय. ते मिळवायचं तर भरतीचा खर्च मालकाने सोसावा लागतो, उमेदवाराकडून घेता येत नाही. कोणाकोणाला ते मिळालंय त्याची यादी नेटवर आहे. कॉलेज रोडवाले ज्या जर्मन संस्थेचं नाव सांगतात ती त्या यादीत आहे का, एवढं आधी बघा. नावच सांगत नसतील, तर पुढचं काही बघायची गरज नाही.

आपल्याकडचा कायदाही माहीत असू द्या. १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखाली परदेशी नोकरीसाठी माणसं भरणाऱ्या एजंटाला परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदणी करावी लागते. उमेदवाराकडून तो जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावर जीएसटी घेऊ शकतो. १८ टक्क्यांनी धरलं तरी ३५,४०० होतात. नोंदणीकृत एजंटांची यादी 'ई-मायग्रेट' पोर्टलवर कुणालाही बघता येते. मग ४ लाख ८० हजार येतात कुठून? पावतीवर ते 'ट्रेनिंग', 'काउन्सेलिंग' आणि 'डॉक्युमेंटेशन'चे असतात. नोकरी लावून दिल्याचे पैसे आहेत असं कागदावर कुठेच येत नाही, त्यामुळे नोकरी लागली नाही तर परत मागायलाही कागद नसतो. म्हणून पावती कशाची देणार, हे पैसे भरण्याआधी विचारा, आणि जे तोंडी सांगताहेत ते लेटरहेडवर लिहून मागा. बॅच भरत आली असेल तर खुशाल भरू द्या.

हे घाबरवायला सांगत नाही. २०१५ साली कोचीतून कुवेतला जाणाऱ्या नर्सच्या भरतीचं प्रकरण सीबीआयने उघडकीस आणलं. नियमाने घ्यायचे होते १९,५०० रुपये, घेतले जात होते १९ लाख ५० हजार. त्या मुलीही शिकलेल्या होत्या, त्यांच्याही घरचे शहाणे होते. त्याच वर्षी केंद्राने आखाती देशांसह १८ देशांची नर्सभरती सरकारी संस्थांमार्फत करायचा नियम आणला. (आखातात जायचा विचार करणाऱ्या वाचक भगिनींनी हे लक्षात ठेवावं. टुरिस्ट व्हिसावर न्यायचं आणि 'तिकडे गेल्यावर बदलून घेऊ' म्हणायचं, हा या नियमाला वळसा घालायचा प्रकार आहे. त्यात अडकलेल्या बाईला मदत मिळणं फार अवघड होऊन बसतं.)

जर्मनीला जायला खरा खर्च किती येतो? व्हिसाची फी ७५ युरो. कागद लवकर हलावेत म्हणून तिथे एक जलद प्रक्रिया आहे, तिची फी ४११ युरो, आणि ती अर्ज करणाऱ्या मालकाने भरायची असते. बाकी क्लास, परीक्षा, भाषांतरं. यातलं काहीही एकरकमी भरायचं नसतं, एकेक टप्पा आला की तेवढेच पैसे लागतात. तुम्हाला कर्ज काढायला लावताहेत ते सगळे टप्पे एकदम विकून. भाषा येते की नाही हे कळायच्या आत बाग गहाण ठेवणं म्हणजे मुलगी बघायच्या आधी मांडव घालणं.

आता पगार. 'अडीच ते तीन लाख' हा आकडा खोटा नाही, पण अर्धवट आहे. १ जुलै २०२५ पासून जर्मनीत वृद्धसेवेतल्या मदतनिसाला ताशी किमान १६.१० युरो आणि मान्यताप्राप्त नर्सला २०.५० युरो द्यावे लागतात. तुम्ही उतरलात त्या दिवशी तुमची पदवी मान्य झालेली नसते, तोवर तुम्ही मदतनीस. आठवड्याला ४० तास धरले तर महिन्याला साधारण २,७९० युरो. एक युरो शंभर रुपयांच्या आसपास धरा, म्हणजे झाले पावणेतीन लाख. कन्सल्टन्सीचा हिशेब इथेच संपतो.

पुढचा हिशेब मी करते. आयकर, आरोग्य विमा, पेन्शन, बेकारी विमा असं सगळं कापून हातात एकोणीसशेच्या आसपास येतात. नवरा भारतात असेपर्यंत कराच्या बाबतीत तुम्ही एकट्याच धरल्या जाता. शेअरिंगमधली खोली साडेचारशे ते सहाशे, खाणं अडीचशे, बस-रेल्वेचा देशभराचा मासिक पास साठच्या आसपास, टीव्ही-रेडिओची सक्तीची वर्गणी १८.३६ (घरात टीव्ही नसला तरी प्रत्येक घराला भरावीच लागते, घरात दोघी असाल तर वाटून घ्या). फोन आणि थंडीचे कपडे आलेच. वर्षातून एकदा नाशिकला यायचं तिकीट बाजूला काढलं, की अगदी हात आखडून राहिलात तर ७५-८० हजार रुपये उरतील. मान्यता मिळाली की हीच शिल्लक सव्वा लाखाच्या घरात जाऊ शकते.

हे आजच्या तुमच्या आख्ख्या पगाराच्या तिपटीहून जास्त आहे. म्हणून मी जाऊ नका असं म्हणत नाही. पण सासऱ्यांना जो आकडा सांगितलाय तो हा नव्हे. आणि हप्ता कधी सुरू होणार? ४ लाख ८० हजार पतसंस्थेतून १४ टक्क्यांनी तीन वर्षांसाठी घेतले तर महिन्याला सुमारे १६,४०० रुपये. भाषेच्या पातळ्या ए-वन, ए-टू, बी-वन, बी-टू अशा चढत जातात. शून्यातून बी-टू पातळीपर्यंत जर्मन यायला सहाशे ते आठशे तासिका लागतात. नाईट ड्यूट्या करत शिकायचं म्हणजे वर्ष-दीड वर्ष. ते सगळं वर्ष हप्ता तुमच्या २४ हजारांतून जाणार, युरोतून नाही. त्यात एखाद्या साली गोडी छाटणीनंतर अवकाळी आला तर काय होतं, ते निफाडच्या सुनेला मी सांगायला नको.

तिथल्या कामाबद्दल तुमच्या पत्रात एकही ओळ नाही, याचंच मला जास्त नवल वाटलं. तुम्ही पाच वर्षं आयसीयूत काढलीत. व्हेंटिलेटर, इन्फ्युजन पंप, एबीजी (रक्तातल्या वायूंची तपासणी) हे रोजचं. आपल्याकडे पेशंटला पुसून काढायचं, बेडपॅन द्यायचं ते मावशी आणि मामा करतात, भरवायला नातेवाईक असतात. सिस्टरने सलाईन लावायचं, औषधं द्यायची, नोंदी ठेवायच्या आणि डॉक्टरांमागे राऊंड घ्यायचा. जर्मनीत तशी मावशी नाही. पेशंटला अंघोळ घालणं, दात घासून देणं, कूस बदलणं, घास भरवणं हे नर्सच्याच कामात येतं, त्यात तिला कमीपणा मानत नाहीत. उलट इथे तुम्ही झोपेतही लावाल ती शिरेतली सुई तिथे बऱ्याच ठिकाणी डॉक्टर लावतात. आपल्या मुली हिरमुसतात त्या बहुतेक इथेच. थंडीची आणि एकटेपणाची तयारी त्या करून जातात, 'एवढं शिकून मी हे करतेय?' या प्रश्नाची करत नाहीत. त्यात रुग्णालय सांगून वृद्धाश्रमात लावलं असेल तर आयसीयूचा अनुभव दोन वर्षांत गंजतो. म्हणून करारात कामाची जागा कोणती, रुग्णालय की वृद्धाश्रम, विभाग कोणता, हे शहराच्या नावासकट लिहिलेलं हवं. वृद्धसेवा वाईट नाही, कित्येकींना ती आवडतेही. फक्त विमानतळावर उतरल्यावर कळायला नको.

पदवीच्या मान्यतेचंही समजून घ्या. आपला अभ्यासक्रम ते तासांनी मोजतात. कुठे किती तास कमी पडतात याचं पत्र देतात. त्याला तिकडे गेलेल्या मुली 'डेफिझिट' म्हणतात. मग एक तर काही महिन्यांचं पूरक प्रशिक्षण, नाही तर ज्ञानाची परीक्षा. ही परीक्षा हव्या तितक्या वेळा देता येत नाही, आणि त्यासाठीचा निवास परवाना जास्तीत जास्त तीन वर्षांचा असतो. इथे तुम्ही नाशिकच्या आहात हा तुमचा फायदा. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ आपल्या म्हसरूळला. चंद्रपूर-गडचिरोलीच्या मुली ट्रान्सक्रिप्टसाठी जिथे हेलपाटे घालतात तिथे तुम्ही ऑफच्या दिवशी जाऊन येऊ शकता. विषयवार थिअरी आणि प्रॅक्टिकलचे तास असलेलं पत्र कॉलेजकडून वेगळं मागा. कॉलेजं ते द्यायला महिने लावतात, तेव्हा अर्ज आजच टाका. (जीएनएम, म्हणजे नर्सिंगची पदविका, झालेल्यांचे कागद विद्यापीठाकडे नसतात, मुंबईच्या शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळाकडे असतात. कन्सल्टन्सीने 'विद्यापीठातून काढून देतो' म्हणून पैसे मागितले तर तिथेच ओळखा.)

आता मेट्रन आणि दीर. दिरांचं सोपं आहे. तुमचं शिक्षण खासगी कॉलेजात झालं, कर्ज वडिलांनी काढलं, हप्ते बहुधा तुमच्याच पगारातून गेले. 'शिकवायचं आपण' यातले 'आपण' कोण, हे त्यांना जेवताना हसत विचारा.

मेट्रनचं म्हणणं मात्र झटकून टाकण्यासारखं नाही. रात्री आठ खाटांच्या आयसीयूत तुमच्याजागी काल पास झालेल्या दोघी उभ्या राहिल्या तर त्याची किंमत कुणीतरी पेशंट मोजतो. ते नुकसान खरं आहे. हजार लोकांमागे निदान तीन नर्स असाव्यात असा जागतिक आरोग्य संघटनेचा निकष सांगितला जातो, आपण दोनच्या आसपास आहोत. पण ही तूट तुमच्या पासपोर्टमुळे आली का? सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या निर्देशानंतर केंद्राने नेमलेल्या समितीने खासगी रुग्णालयांतल्या नर्सच्या पगाराचे निकष सांगितले: २०० हून जास्त खाटा असतील तर सरकारी नर्सइतका पगार, १०० ते २०० खाटांना त्याहून फार तर १० टक्के कमी, आणि अगदी ५० पेक्षा कमी खाटांच्या दवाखान्यातही २०,००० पेक्षा कमी नाही. राज्यांनी त्यानुसार कायदा करावा असं सांगितलं होतं. राज्याच्या सेवेतल्या परिचारिकेचं सुरुवातीचं मूळ वेतनच पस्तीस हजारांच्या पुढे आहे. तुमचं रुग्णालय शंभरावर खाटांचं आहे. पुढचा हिशेब मेट्रनबाईंनाच करू द्या, आणि त्यांचा राग नक्की कुणावर असायला हवा तेही त्यांनाच ठरवू द्या. केरळात नर्सच्या संपांनंतर २०१८ मध्ये सरकारने खासगी रुग्णालयांत किमान २०,००० रुपये पगाराची अधिसूचना काढली. माझ्या मते त्या संपांना धार आली त्यामागे हेही एक कारण होतं की तिथल्या मालकांना पक्कं माहीत होतं, ही मुलगी उद्या विमानात बसू शकते. बाहेरचं दार उघडं असलं की आत राहणाऱ्यांचं वजनही थोडं वाढतं.

'नर्स गेल्या की देश ओस पडतो' हेही सरसकट खरं नाही. २००० नंतर काही वर्षं अमेरिकेने परदेशी नर्सना भरपूर व्हिसा दिले, तेव्हा फिलिपिन्समध्ये काय झालं याचा अर्थशास्त्रज्ञांनी अभ्यास केला. बाहेर गेलेल्या एका नर्समागे देशात नऊ जास्तीच्या परवानाधारक नर्स तयार झाल्याचं दिसलं. संधी दिसली, मुली शिकायला आल्या, कॉलेजं वाढली, आणि सगळ्या काही गेल्या नाहीत. आपल्याकडे अगदी असंच होईल असं मी म्हणणार नाही. बंद खोलीत डमीवर शिकवणारी कॉलेजं वाढली तर संख्या वाढून उपयोग नाही. पण तुमच्या जाण्याने खड्डाच पडेल, असं कुणी छातीठोकपणे सांगू नये.

पैशाची दुसरी बाजूही आहे. परदेशातल्या भारतीयांनी २०२३-२४ मध्ये ११८.७ अब्ज डॉलर घरी पाठवले, आणि रिझर्व्ह बँकेच्या पाहणीत सगळ्यात मोठा वाटा, २०.५ टक्के, महाराष्ट्रात आला. एके काळी या पैशात आखात पुढे होतं, आता अमेरिका आणि इतर श्रीमंत देश पुढे गेलेत, कारण जाणारी माणसं जास्त शिकलेली आहेत. म्हणजे देशाचं नुकसान-नुकसान म्हणतात त्यातच देशाची कमाईही आहे. माझा प्रश्न तुमच्यापुरता आहे: तो पैसा येणार कुणाच्या नावावर? अशा बायकांची पत्रं मला येतात, ज्या आठ-दहा वर्षं पैसे पाठवतात आणि परत आल्यावर त्यांच्या नावावर एक खोलीही नसते. तुमच्या नवऱ्यावर मला संशय नाही, 'तू ठरव' म्हणणारा माणूस आहे तो. तरी निघताना स्वतःच्या नावाने एनआरई खातं (परदेशातली कमाई ठेवायचं अनिवासी भारतीयाचं खातं) उघडा, घरखर्चाचा महिन्याचा आकडा दोघांनी बसून ठरवा, बाकीचं त्या खात्यात राहू दे. तुमचं आत्ताचं साधं बचत खातं तेव्हा एनआरओ (अनिवासी भारतीयाचं इथल्या पैशांसाठीचं खातं) करून घ्यावं लागेल, बँकेत तेही सांगा. आणि बागेला लागून एकर घ्यायचं स्वप्न घरात कुणी बघत असेल तर आधीच सांगून ठेवा की अनिवासी भारतीयाला इथे शेतजमीन विकत घेता येत नाही. वारशाने येऊ शकते, खरेदी करता येत नाही. पैसे तुमचे आणि सातबारा दुसऱ्याचा असं होईल. ते चालणार असेल तर हरकत नाही, पण समजून-उमजून चालू द्या.

मुलीबद्दल तुम्ही फक्त 'ती सासूबाईंकडे राहील' एवढंच लिहिलंय, मी त्यात उपदेश करणार नाही. एक गोष्ट मात्र वेळेच्या हिशेबात धरा. नवरा आणि मुलगी नेता येतात, पण पुरेसा पगार आणि पुरेसं मोठं घर दाखवावं लागतं, म्हणून बहुतेकींना ते मान्यता मिळाल्यावरच जमतं. भाषेचं वर्ष-दीड वर्ष ती तुमच्याजवळ आहे. त्यानंतरची वर्ष-दोन वर्षं नसेल. म्हणजे साधारण साडेपाच ते साडेसात या वयात. तिघं तिथे एकत्र आलात की नवऱ्याला काम करायची मुभा मिळते. सातपूर-अंबडच्या सीएनसीवाल्याला जर्मन मशीन परकं नसतं, परकी असते भाषा. तेव्हा क्लास दोघांनी लावा. एकटीने शिकलात तर तिथे गेल्यावर घरातले सगळे फोन तुम्हीच करायचे.

गरजेवर चालणारी दारं कधी बंद होतात तेही बघून ठेवा. साठ-सत्तरच्या दशकांत केरळातल्या कित्येक मुली चर्चच्या ओळखीने पश्चिम जर्मनीत नर्सिंगला गेल्या. पुढे सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात गरज कमी झाली असं वाटलं, तेव्हा त्यांतल्या काहींचे परवाने वाढवून मिळाले नाहीत. ब्रिटनने मार्च २०२४ मध्ये केअर वर्करना कुटुंब आणायला बंदी केली आणि जुलै २०२५ मध्ये परदेशातून केअर वर्कर घेणंच बंद केलं. नर्सना तो नियम नाही, पण वारा कळतो. म्हणून इथली दोरी तोडू नका. महाराष्ट्र परिचर्या परिषदेची नोंदणी वेळेवर नूतनीकरण करत राहा. राजीनामा नोटीस पिरियड भरूनच द्या, अनुभवाच्या दाखल्यावर 'आयसीयू' हा शब्द असल्याशिवाय रिलीव्हिंग घेऊ नका. आपल्याकडे रुग्णालयं बॉन्डच्या नावाखाली ओरिजिनल सर्टिफिकेट ठेवून घेतात. तुमची अडकली असतील तर लेखी अर्ज देऊन, पोच घेऊन आत्ताच मागा. व्हिसाच्या आठवड्यात ती भांडणं परवडत नाहीत.

तर जायचं की नाही? हा एक प्रश्न नाही, त्याचे तुकडे करा. पहिला तुकडा फक्त भाषेचा. नाशिकमध्ये जर्मनचे क्लास आहेत. पातळीपुरते पैसे घेणारा निवडा, ए-वन संपलं की ए-टूचे भरा. परीक्षा पुण्याच्या किंवा मुंबईच्या मॅक्सम्युलर भवनात द्या. बी-वन आणि बी-टूचे वाचन, श्रवण, लेखन, संभाषण हे चार भाग वेगवेगळे देता येतात, एकात नापास झालात म्हणून सगळं वाया जात नाही. ए-टू झाल्यावर थांबून दोघांनी बोला. भाषा डोक्यात शिरत नसेल, नाईटनंतर डोळे उघडत नसतील, तर सोडून द्या. गेले ते काही हजार रुपये, बाग जागेवर.

ते चालू असताना जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्रात जाऊन बाडेन-वुर्टेमबर्गच्या योजनेत नर्ससाठी आज काय चालू आहे ते विचारा. एका खेपेत उत्तर मिळेल असं धरून जाऊ नका. बी-वन झाल्यावर प्रमाणपत्र असलेल्या संस्थांकडे थेट अर्ज करा. 'मेक इट इन जर्मनी' हे तिथल्या सरकारचं संकेतस्थळ इंग्रजीतही आहे. त्या पातळीला पोचलेल्या आयसीयू नर्सला मुलाखतीसाठी कुणाच्या पाया पडावं लागत नाही. करार आला की तो जर्मनमध्ये असेल, भाषांतर मागा, आणि त्यात एक कलम शोधा: किती वर्षांच्या आत सोडलं तर किती युरो परत करायचे. खर्च मालक करतो तेव्हा असं कलम बरेचदा असतं. रक्कम वर्षागणिक कमी होत जाते का आणि शेवटी शून्य होते का, हे बघूनच सही करा.

आणि त्याच काळात आरोग्य विभाग, वैद्यकीय शिक्षण विभाग आणि महापालिकेच्या जाहिरातींवरही नजर ठेवा. राज्याच्या भरतीत खुल्या प्रवर्गाला ३८ वर्षांपर्यंत अर्ज करता येतो, तुमच्या हातात अजून वेळ आहे. पत्रभर तुम्ही जर्मनीची तुलना २४ हजारांशी केलीय. इथे राहणं म्हणजे याच रुग्णालयात राहणं, असं कुणी सांगितलं?

स्वार्थी ठरता का, याचं उत्तर मी देत नाही. जी बाई दीड एकर बाग आणि आयसीयूतले आठ बेड दोन्हींची काळजी करत पत्र लिहिते, तिला ते माझ्याकडून ऐकायची गरज नाही. सासऱ्यांना मात्र आजच फोन करा आणि पतसंस्थेत जाऊ नका म्हणून सांगा. दीड लाख भरून बसला असाल, तर पावती, जाहिरात आणि व्हॉट्सॲपवरचे मेसेज जपून ठेवा आणि पैसे परत मागणारा अर्ज लेखी द्या. नोंदणी नसताना परदेशी भरती करत असतील तर ई-मायग्रेटवर आणि मुंबईच्या प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्सच्या कार्यालयात तक्रार करता येते, पोलिसांतही देता येते. अर्जाचा मसुदा हवा असेल तर कळवा, पाठवते.